उलट्या विहिरींचं गाव

"वहिनी, असं कुठं असतंय का?" बद्रीनाथ एवढंच म्हणाला. रागानं नाही, धड चेष्टेनंही नाही. दमून घरी आलेला माणूस चपला काढता काढता काहीतरी बोलून जातो, तसं. पण पडद्याच्या आत उंबऱ्याशी बसलेल्या चंदाबाईच्या ओठांवर आलेला पुढचा शब्द तिथंच थबकला. तिच्या गोष्टीतली बादली विहिरीत अर्ध्यावर होती. म्हणजे वर चालली होती. कारण त्या गावातल्या विहिरी जमिनीत खाली खणलेल्या नव्हत्या, त्या जमिनीवरून आभाळात बांधत नेल्या होत्या, गिरणीच्या धुराड्यांसारख्या, आणि पाणी होतं अगदी वर, टोकाला, थरथरत लोंबणारं. दोर सोडला की बादली वर जायची. बादली खोलीएवढी. खेळणारे तिघंही तिच्यात चढून बसले होते, कडी धरून, आणि चंदाबाई सांगत होती की भिंतीतल्या कोनाड्यांमधून पारवे त्यांच्याकडे उलटे लटकून बघताहेत, आणि वरच्या पाण्यात कोणाचातरी पाय दिसतोय. तेवढ्यात हे. बद्रीनाथ पुढं म्हणाला, "पाणी वर कसं थांबंल? पडंल ना खाली. सकाळधरनं लोकांला ह्येच सांगून राह्यलो मी, की पाणी चढाला जात न्हाई म्हणून." मग तो हसला, चंदाबाईचा नवरा जुगलकिशोर हसला, हुकमचंदनं सूर्य कलल्याचं सांगितलं, आणि खेळ मोडला. कोणाला काही वाटलं नाही. चंदाबाईला वाटलं. पडद्याची कड बोटाभोवती गुंडाळत ती बसून राहिली, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण मनातल्या मनात त्याच प्रश्नाचं उत्तर शोधतो आहोत. पाणी वर कसं थांबेल? खरंच, कसं थांबेल?

बद्रीनाथचा दोष नव्हता. तो तीर्थपुरीकडच्या शेतकरी घरचा, जुगलकिशोरचा शाळेतला दोस्त, आता कालव्याच्या खात्यात इथंच जालन्याला नोकरीला. त्या आठवड्यात एका गावाच्या शिवारात तो अडकला होता. शेतं उंचावर, कालवा खाली, आणि लोक म्हणत होते की साहेबानं मनावर घेतलं तर पाणी येईल. सकाळपासून ज्यानं शिव्या खाल्ल्या, त्याला दुपारी वर लोंबणारं पाणी सोसलं नसेल. हे तिला कळत होतं. कळण्यानं काय होतं? पायात काटा कुठल्या झाडाचा गेला हे कळलं म्हणून ठणका थोडाच थांबतो.

खेळ घरात आला त्याला आता पाच-सहा वर्षं झाली असतील. जुगलकिशोरच्या हैदराबादच्या मामेभावानं एक खोकं दिलं होतं, त्याच्या कुणा अमेरिकेहून आलेल्या मित्राचं. खोक्यात इंग्रजी पुस्तक आणि निरनिराळ्या तोंडांचे पासे. सगळ्यात मोठा वीस तोंडांचा, हिरवट, म्हणून त्याला नाव पडलं बोर. जुगलकिशोरनं डिक्शनरी घेऊन पुस्तकाशी आठवडाभर झटापट केली आणि जाहीर केलं की एकानं जागा सांगायची, बाकीच्यांनी त्या जागेत शिरायचं, काय करणार ते बोलायचं आणि पासा टाकायचा. बस्स. बाजार बंद असायचा त्या दिवशी दुपारी, खाली सरकी-पेंडीच्या दुकानाला कुलूप लावून, माडीवर बैठक बसली. जुगल, बद्रीनाथ आणि शेजारच्या भांड्यांच्या दुकानाचा हुकमचंद. बाहेरची पुरुषमाणसं आलेली, म्हणून चंदाबाई आतल्या खोलीत, मध्ये पडदा. जुगलकिशोर जागा सांगू लागला. माणूस सोन्यासारखा, पण जन्म मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेलेला. त्याच्या प्रत्येक जागेत एक दार असायचं, दारामागे वजनकाटा, काट्याशेजारी पोत्यांची थप्पी, आणि थप्पीमागे राक्षस. "मारा त्याला," तो म्हणायचा. हुकमचंद जैन. तो मान हलवून म्हणाला, "म्या न्हाई मारणार. पाप लागतंय."

"अरे, खोटा राक्षस हाय!"

"राक्षस खोटा असंल. मारायची इच्छा तर खरी हाय ना?"

पुस्तकात राक्षस होते, तलवारी होत्या, पण हुकमचंदचं काय करायचं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. आणि पडद्याआडून चंदाबाई बोलली. तिला स्वतःलाच दचकायला झालं. "त्या राक्षसाला झोपू द्या ना," ती म्हणाली. "त्याच्या पोटावर गाव वसलंय म्हणा. त्यानं श्वास घेतला की गाव वर, सोडला की खाली. त्याला जाग येऊ न देता बाजार करून यायचं." बाहेर पासा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग जुगलकिशोर म्हणाला, "मंग तूच सांग की." झालं. त्या दिवसापासून ती सांगणारी. त्या गावात बायका कुजबुजत भाव करतात, कोंबड्यांच्या चोचीला चिंधी बांधलेली असते, आणि एक म्हातारा फक्त राक्षसाचं नाक गुदगुलीपासून राखायला नेमलेला आहे, हे सगळं तिच्या तोंडून आपोआप येत गेलं. इतकी वर्षं हे कुठं होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

पण खरं म्हणजे ठाऊक होतं. तिचं माहेर राजूरचं. देवळाच्या रस्त्यावर वडिलांचं छोटं दुकान. अंगारकीला गर्दी एवढी, की एकदा लहानपणी आईचा हात सुटला आणि ती गर्दीच्या आत, खाली राहून गेली. वर बघितलं तर आभाळ नाही. नुसते पाय. धोतरं, लुगडी, पायताणं, घोट्यावरचे चांदीचे वाळे, चिखल, नारळाचं सांडलेलं पाणी, उदबत्तीचा वास वरून गाळून येणारा. तिला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण राहिली ती भीती नाही. राहिलं ते हे, की खालून बघितलं तर ओळखीच्या रस्त्याचं रान होतं. आईनं सापडल्यावर पाठीत धपाटा घातला आणि मग छातीशी धरून रडली. पुढं कितीतरी वर्षांनी तिनं पायांचं रान सांगितलं, तेव्हा बद्रीनाथनं त्यातून वाट काढायला पायांना गुदगुल्या करायची युक्ती काढली आणि जुगलकिशोर हसून हसून आडवा झाला. तिला त्या वेळी जे वाटलं त्याला काय नाव द्यावं? माहेरी जाऊन आल्यासारखं वाटलं, एवढंच म्हणता येईल.

गावं ती चुलीशी करायची. कणीक मळताना, गच्चीवर खिचियांचे पापड वाळत घालताना, सासूच्या पायाला तेल लावताना. परातीत पाणी घालून परात तिरकी केली की पाणी एका कडेला जातं, आणि मनात येतं, सगळं गावच असं तिरकं असेल तर? सकाळी लोक पूर्वेला घरंगळतील, संध्याकाळी पश्चिमेला. दुकानदार गिऱ्हाइकाची वाट बघणार नाही, गिऱ्हाईक वरून येऊन आदळेल. पण नुसती गंमत पुरत नाही हेही तिला लवकर कळलं. गावात शिरणाऱ्याला काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि ते सरळ हात घालून मिळता कामा नये. शिवाय कोणाला मारायचं नाही. ती हुकमचंदची अट आता तिचीच झाली होती, आणि त्या अटीनंच गावांना रंग चढायचा. राक्षसाला चुकवा, झोपवा, खाऊ घाला, त्याच्या पोरीचं लग्न जमवा. आणि सूर्य बुडायच्या आत बाहेर पडा, कारण हुकमचंद दिवस बुडाल्यावर जेवत नसे. तिच्या गोदावरीनं तर सगळ्यांना वेड लावलं होतं. ती नदी झोपेत कूस बदलायची, आणि काल ह्या काठावर असलेलं शहागड सकाळी त्या काठावर. बद्रीनाथ मांडीवर थाप मारून म्हणाला होता, "आता आमच्या खात्यानं काय करावं वो वहिनी? कालवा उशाला खणावा का पायथ्याला?" तोच हा बद्रीनाथ. पुरुष बाहेर खडूनं फरशीवर नकाशा काढायचे. ती ते पडद्याआडून बघत नसे. ते गेल्यावर बाहेर यायची, कंबरेवर हात ठेवून ती वाकडीतिकडी गावं बघायची, हसायची, आणि मग ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. पुसताना कधी वाईट वाटलं नाही. पुढचं यायचंच असे.

आज मात्र तिला फडकं फिरवता येईना. खडूची उंच विहीर, तिच्यात अर्ध्यावर चौकोनी बादली, बादलीत तीन टिंबं. आत सायरबाईनं खोकून विचारलं, "आज जल्दी सपलं?"

सायरबाई तिची सासू, तिला मारवाडीत बिनणी, म्हणजे सून, म्हणूनच हाक मारायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं ते फळलं नाही, आणि दुसऱ्याला ती हात लावू देत नव्हती. जिना उतरणं सुटलं, देऊळ सुटलं, आतल्या खोलीतली बाज आणि जपमाळ तेवढी राहिली. खेळ चालायचा तेव्हा ती तिथंच असायची, चंदाबाईच्या पाठीशी. कधी एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच चंदाबाईला जड जायचं. ती ऐकायची ते मणी. गाव रंगात आलं की मणी खाडकन पडायचा. परक्या पुरुषांपुढं सून बोलते, हसते, पडदा असला म्हणून काय झालं? मण्यामण्यात हेच असणार, असं तिनं धरलं होतं. आज बादली वर चालली तेव्हा तर माळ पारच थांबली होती. केवढा राग! आणि आता हे, 'जल्दी सपलं?' म्हणजे एकदाचं सपलं. सासूला फक्त निमित्त हवं होतं आणि ते तिनं आपल्या हातानं दिलं. "हो माँजी, लवकर संपलं," ती म्हणाली आणि नकाशा पुसून टाकला.

तो आठवडा वाईट गेला. भाकरी फुगली की तिला वाटायचं, हिच्या आत एक खोली आहे. आणि लगेच बद्रीनाथचा दमलेला आवाज यायचा, असं कुठं असतंय का? दूध उतू गेलं, मीठ दोनदा पडलं. परात तिरकी केली तर पाणी कडेला गेलं आणि नुसतं पाणीच राहिलं. तिला आधी वाटलं, नाही सुचत तर नाही सुचत, एका खेळाचं एवढं काय. पण मग दुपारी गच्चीवर एकटी बसली असताना तिच्या मनात स्पष्ट आलं की खेळ गेला तर माझ्याकडं माझं असं काही उरत नाही. घर सासूचं, दुकान नवऱ्याचं, माहेर भावजयीचं. ती गावं तेवढी माझी होती. तिला रडू आलं, आणि रडताना कोणी बघू नये म्हणून तिनं खिचियांवरचं फडकं झटकायला घेतलं. सासूचंही काहीतरी बिनसलं होतं. म्हातारी बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची, एका हातानं बाजेची दोरी घट्ट धरून. पाय म्हणून खाली सोडायची नाही. ताट तिथंच द्यावं लागे. चंदाबाईला वाटलं, गुडघे धरले. तिनं मोहरीचं तेल कोमट करून चोळलं. सासूनं चोळू दिलं, पण पाय लांब केले नाहीत.

मग तिनं ठरवलं, खरं तर खरं. जिथं आहे तसंच असतं, असं गाव सांगू. शहागडला जुगलकिशोरच्या आत्याकडं साखरपुडा होता. जाताना तिनं जीप पुलाशी थांबवायला लावली. नवऱ्यानं आश्चर्यानं बघितलं, पण थांबवली. आयुष्यात पहिल्यांदा ती ते सगळं नीट बघत होती, घोकल्यासारखं. हिवाळ्याच्या शेवटाचं बारीक पाणी, दोन्हीकडं वाळू, वाळूवर वाळत टाकलेली एक पिवळी साडी. ट्रक. ट्रकांचा धुरळा. पंक्चरच्या दुकानापुढं टायरांची रास, एका हॉटेलात उकळणारी चहाची किटली, पेरू विकणारी बाई. नदी चांगली होती. शांत, उन्हात चकाकणारी. तिला हात जोडावेसे वाटले आणि तिनं जोडलेही. पण ती कूस बदलणारी नव्हती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या, आणि एकमेकींना सांगण्यासारखं काही निघालं नाही. "काय झालं गं?" जुगलकिशोरनं विचारलं. ती जीपमध्ये जाऊन बसली. त्यानं पेरू घेऊन दिला. तो बिचारा दुसरं काय करणार?

पुढच्या बैठकीला तिघं आले. बद्रीनाथनं येतानाच आवाज दिला, "वहिनी, आज कोणतं गाव?" आवाजात मागचं काही नव्हतं, तो विसरूनही गेला होता. तिनं पदर सारखा केला, पडद्याआड बसली आणि शहागड सांगितलं. जसंच्या तसं. पूल, ट्रक, किटली, पिवळी साडी. पुरुषांनी भराभर खडू चालवला आणि वाट बघू लागले.

"मंग? राक्षस कुठंय?" जुगलकिशोर म्हणाला.

"नाही राक्षस."

"मंग म्या पुलावरून खाली बघतो," बद्रीनाथ म्हणाला आणि बोर टाकलं. चांगले अठरा पडले. "काय दिसतंय?"

"पाणी."

"कुणीकडं चाललंय?"

"उताराकडं."

हुकमचंदनं चहा मागवला. मागवला म्हणजे खेळातला. चहा आला. त्यानं तो प्यायला. पैसे दिले. जुगलकिशोर खेळात चोर असायचा, त्यानं पेरू चोरायचं ठरवलं, पण ती बाई गरीब आहे म्हणताच त्याला ते बरं वाटेना, त्यानं विकतच घेतला. शेवटी बद्रीनाथनं विचारलं, "जालन्याची एसटी हाय का?"

"आहे."

"मंग बसतो आम्ही. चला."

ते बसले, आणि जालन्याला आले. खेळ संपला. सूर्य अजून चांगला वर होता. पडद्यापलीकडं खडू खाली ठेवल्याचा आवाज आला, कोणीतरी बोटं मोडली. हा कंटाळा तिला ठाऊक होता. जुगलकिशोरच्या पोत्यांच्या थप्पीनंतरचा कंटाळा. म्हणजे आपण परत तिथं आलो. तिला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, बास झाला हा पोरखेळ, पत्ते काढा. आणि तिनं ते मान्य करायचं ठरवलं. बद्रीनाथ चाचरत म्हणाला, "वहिनी, चांगलं हाय गाव, बराबर हाय. पर... त्ये मागच्या बारीचं वरचं पाणी... त्यात पाय कुणाचा व्हता?"

तिला सांगायचं होतं, मला आता माहीत नाही भाऊजी. पण त्याआधीच मागून, बाजेवरून, खडखडीत आवाज आला.

"बिनणी, मला कवा काढणार?"

चंदाबाईनं वळून बघितलं. सायरबाई गुडघे पोटाशी घेऊन, दोरी धरून बसली होती, आठवडाभर बसली होती तशीच. माळ बाजूला पडलेली. न दिसणारे डोळे वर, छताकडं.

"काय माँजी?"

"काय माँजी काय! आठ दिस झाले, बादलीत बसून राह्यले मी. अर्ध्यात." म्हातारीचा आवाज रुसलेल्या पोरीसारखा होता. "ह्ये तिघं उड्या मारून गेले शहागडला, चहा प्याले, येष्टीनं आले घरी. मी कशी उतरू? मला दिसतंय का? खाली पाय सोडावा तर खाली काई न्हाई. कोनी म्हनलं न्हाई का म्हातारी राह्यली म्हणून."

चंदाबाईला एकदम ते सगळे मणी आठवले, एकामागून एक, राक्षसाच्या पोटावर पडलेला, पायांच्या रानात पडलेला, तिरक्या गावात घरंगळताना पडलेला. हसावं की रडावं तिला कळेना. दोन्ही आलं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं. इतकी वर्षं ती तिघांना गावं सांगत होती आणि चौथं माणूस न बोलता तिच्या पाठीमागून चालत होतं.

"तुम्हाला राग येत नव्हता माँजी?"

"आला की. ह्या बद्रीचा आला. पानी वर न्हाई जात म्हनतो." सायरबाईनं पडद्याच्या दिशेनं तोंड केलं. "अरे बद्री, तुझं नाही जात तर नको जाऊ दे. आमचं जातंय ना. मी आज आठ दिस हिकडून बघून राह्यले, थेंब खाली पडला न्हाई."

"चुकलं माझं, माँजी," बद्रीनाथ पडद्यापलीकडून म्हणाला. तो हसत नव्हता. फरशीवर खडूचा आवाज आला. घाईनं, उभी रेघ, तिच्या शेजारी उभी रेघ. तो विहीर काढत होता. मग जुगलकिशोरचा हात पडद्याखालून आला, तळहातावर बोर. "आईला दे," तो म्हणाला. "पयली बारी तिची."

चंदाबाईनं पासा सासूच्या मुठीत ठेवला. सायरबाईनं बोटांनी त्याची सगळी तोंडं चाचपली, जशी ती पूर्वी भाजीवालीकडची बोरं चाचपायची. मग बाजेवरून फेकला. तो फरशीवरून उड्या मारत कपाटाखाली अंधारात गेला.

"किती पडले?"

चंदाबाई कपाटाकडं गेलीच नाही. ती सासूशेजारी बाजेवर बसली, गुडघे पोटाशी घेतले आणि दुसऱ्या बाजूची दोरी धरली.

"बराबर पडले," ती म्हणाली. "धरून बसा माँजी. वर चाललोय."